माणशी दराचं क्लाउड स्टोरेज धंद्याला परवडतं का? सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेल-चादरीचे कारखाने, युनिफॉर्म शिवणाऱ्या फर्म, नवी पेठेतली दुकानं आणि सीएंची ऑफिसं, अशा ठिकाणी मी ईमेल आणि क्लाउड बसवून देण्याचं काम करतो. व्हॉट्सॲपवर तेच ते प्रश्न येत राहतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली आहेत. कंपन्या दर आणि प्लॅन बदलत असतात. पैसे भरण्याआधी त्या दिवशीचा दर बघून घ्या.

1. आम्हाला जागा हवी आहे. मग या कंपन्या माणसं का मोजतात?

टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरची सवय असल्यामुळे हा गोंधळ होतो. टॅलीत सिल्व्हर घेतलं की एक युजर, गोल्ड घेतलं की ऑफिसच्या नेटवर्कवर कितीही जण. गुगल वर्कस्पेस, मायक्रोसॉफ्ट 365, ड्रॉपबॉक्स, झोहो यांच्याकडे असं गोल्ड नसतं. जितके आयडी, तितके महिन्याचे पैसे, आणि प्रत्येक आयडीबरोबर थोडी जागा येते. गुगलच्या बिझनेस स्टार्टरमध्ये माणशी 30 जीबी, स्टँडर्डमध्ये 2 टीबी, प्लसमध्ये 5 टीबी. मायक्रोसॉफ्टच्या बिझनेस बेसिकमध्ये माणशी 1 टीबी वनड्राइव्ह, म्हणजे ज्याची त्याची क्लाउडवरची जागा.

त्या पैशांत जागा, फर्मच्या नावाचा ईमेल आणि ताबा अशा तीन गोष्टी येतात. लोक जागेवरून दर पारखतात आणि महाग म्हणून सोडून देतात. माझ्या मते हे पैसे मुख्यतः ताब्याचे आहेत. आयडी फर्मचा असतो, त्यातली फाइल फर्मची असते आणि माणूस गेला तरी मालकाला ती उघडता येते. हे ज्याला हवं आहे त्याला हा दर परवडतो. ज्याला फक्त ढिगाने फाइली साठवायच्या आहेत त्याला परवडत नाही (प्रश्न 10).

2. कारखान्यात 45 माणसं आहेत. 45 जणांचे पैसे भरायचे का?

नाही. मागावरचे कामगार, कांडीवाल्या, जॉबर, शिलाई आणि पॅकिंगच्या बायका यांना आयडीची गरज नाही. मी प्रत्येक ठिकाणी दोनच गोष्टी विचारतो: हा माणूस नवी फाइल बनवतो का? फर्मच्या नावाने बाहेर मेल पाठवतो का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर आयडी घेऊ नका. 45 माणसांच्या कारखान्यात आयडी लागणारी माणसं बहुतेक पाच-सहाच निघतात: मालक, अकाउंट्स, डिस्पॅच, ऑर्डर बघणारा, डिझाइनवाला.

म्हणूनच माणशी दर आपल्याकडच्या धंद्याला मानवतो, असं मला वाटतं. पुण्यातल्या 45 जणांच्या सॉफ्टवेअर कंपनीला 45 आयडी लागतात. आपल्याकडे हात पुष्कळ आणि टेबलं थोडी.

एक आयडी मात्र मालकाचा हवाच, आणि ॲडमिनचे अधिकार त्याच आयडीला हवेत. बसवून देणाऱ्याकडे, म्हणजे माझ्यासारख्याकडे, ते कायमचे ठेवू नका. डोमेनची (ईमेलमधल्या @ नंतरच्या फर्मच्या नावाची) नोंदणी आणि रिकव्हरीचा मोबाइल नंबरही मालकाच्याच नावावर असू द्या.

3. एकच आयडी घ्यायचा आणि पासवर्ड सगळ्यांना द्यायचा, असं नाही का चालणार?

उघडेल, पण चालवू नका. लायसन्स एका माणसाचं असतं, हा नियमाचा भाग झाला. रोजचा त्रास वेगळाच. टू-स्टेपचा कोड मालकाच्या फोनवर येतो आणि मालक तिरुपतीला गेलेले असतात. कुणी फोल्डर उडवलं तर नोंदीत एकच नाव दिसतं, त्यामुळे कुणावरही बोट ठेवता येत नाही आणि सगळ्यांवरच संशय राहतो. एक जण काम सोडून गेला की पासवर्ड बदलून पुन्हा सगळ्या कॉम्प्युटरवर आणि मोबाइलवर टाकत बसावं लागतं. त्या कंटाळ्याने बरेच जण तो बदलतच नाहीत.

4. आमची मुलं स्वतःच्या जीमेलवर फोल्डर शेअर करून काम करतात. फुकटात होतंय, मग पैसे कशाला?

या प्रश्नाचं उत्तर मी तोंडी फार वेळा दिलं आहे. एक प्रसंग सांगतो.

एका टॉवेल कारखान्यात डिस्पॅचचं काम बघणारा मुलगा होता. कामाला चोख. चार वर्षं पॅकिंग लिस्ट, ट्रान्सपोर्टच्या पावत्या आणि गाठींचे नंबर त्याने गुगल शीटमध्ये ठेवले होते. शेअर केलेलं फोल्डर मालकाच्या जीमेलचं होतं, पण आतली प्रत्येक शीट त्या मुलाने त्याच्या जीमेलवरून बनवलेली. लग्न झालं, तो बायकोच्या गावी गेला. काही भांडण नाही, हिशोब घेऊन नीट गेला. जाताना मोबाइल रिकामा करायचा म्हणून त्याने ड्राइव्हमधल्या ‘कामाच्या जुन्या फाइली’ उडवल्या. त्याचे फुकटचे 15 जीबी फोटो आणि मेलनी भरले होते, मेल येणं बंद झालं होतं. त्याच्या बाजूने ते अगदी साहजिक होतं.

दोन महिन्यांनी एका व्यापाऱ्याने दोन गाठी कमी आल्याची तक्रार केली. मी ऑफिसात पोहोचलो तेव्हा मालक जुन्या मेलमधली लिंक पुन्हा पुन्हा दाबत होते आणि दर वेळी फाइल सापडत नसल्याचाच संदेश येत होता. मागच्या शेडमधून मागांचा खडखडाट, आणि टेबलावर त्या मुलाची एक वही, ज्यात फक्त तारीख आणि लॉरीचा नंबर. गाठींचे आकडे शीटमध्ये होते. ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाइल 30 दिवस राहते आणि मग कायमची जाते. ते 30 दिवस उलटून गेले होते. मालकांनी दोन गाठींचे पैसे सोडून दिले. मला जास्त वाईट वाटलं ते यानंतर त्या मुलाबद्दल उगाच जे बोललं गेलं त्याचं.

घडलं असं: जीमेलच्या साध्या ड्राइव्हमध्ये फाइल बनवणारा तिचा मालक असतो, फोल्डर कुणाचंही असो. जागाही बनवणाऱ्याचीच खर्च होते. आणि वैयक्तिक गुगल खातं दोन वर्षं वापरलं नाही तर गुगल ते आतल्या मजकुरासह काढून टाकू शकतं. तुमच्या पाच वर्षांच्या ऑर्डरी अशा खात्यात असतील तर त्या तुमच्या ताब्यात नाहीत.

फर्मचा आयडी असता तर ॲडमिनने त्या मुलाच्या सगळ्या फाइली दोन मिनिटांत दुसऱ्याच्या नावावर केल्या असत्या. कशा, ते प्रश्न 9 मध्ये आहे.

5. आकड्यांत सांगा. वर्षाला किती जातील?

समजण्यापुरता माणशी महिना 500 रुपये दर धरू. आठ आयडी घेतले तर महिन्याला 4,000, वर्षाला 48,000, त्यावर 18 टक्के जीएसटी 8,640, एकूण 56,640. प्रश्न 2 ची चाळणी लावून पाचच आयडी ठेवले तर वर्षाला 30,000 अधिक जीएसटी 5,400, म्हणजे 35,400. नियमित जीएसटीत असाल तर ते 5,400 क्रेडिटमध्ये परत मिळतात (प्रश्न 14), म्हणजे पदरचे 30,000. दिवसाला 82 रुपये.

आता तुमचा आकडा मांडा. वर्षातून किती वेळा एखादी फाइल, जुनी ऑर्डर किंवा दर ठरल्याचा मेल सापडला नाही, आणि तेव्हा किती पैसे सोडावे लागले? ज्या फर्ममध्ये हे उत्तर ‘कधीच नाही’ असं असतं तिथे बहुतेक मालक आणि त्यांचा मुलगा, दोघंच कॉम्प्युटरवर असतात. त्यांनी घाई करू नये. दोघांसाठी वैयक्तिक प्लॅन आणि महिन्याला एकदा हार्ड डिस्कवर प्रत एवढं पुरतं.

6. एकाचे 30 जीबी भरले आणि बाकीच्यांचे रिकामे आहेत. ते वापरता येतात का?

गुगल वर्कस्पेसमध्ये येतात. तिथली जागा सामायिक असते: पाच आयडी म्हणजे 150 जीबीचा एकच हौद, त्यातून डिझाइनवाल्याने 100 घेतले तरी चालतं. मायक्रोसॉफ्टमध्ये वनड्राइव्हचा 1 टीबी ज्याचा त्याचा, मात्र शेअरपॉइंटची (फर्मच्या सामायिक फाइलींची) जागा सगळ्यांची मिळून असते: 1 टीबी, शिवाय प्रत्येक लायसन्समागे 10 जीबी. फर्मच्या फाइली शेअरपॉइंटमध्येच ठेवाव्यात, वनड्राइव्ह वैयक्तिक कामाला.

7. सेल्स, अकाउंट्स, इन्फो असे मेल पत्ते हवेत. प्रत्येकाचं वेगळं लायसन्स?

नको. गुगलमध्ये एका आयडीला 30 पर्यंत टोपणपत्ते (त्याच इनबॉक्समध्ये मेल आणणारे जादा पत्ते) फुकट जोडता येतात आणि ग्रुप बनवला तर एकच मेल तिघांना जातो. मायक्रोसॉफ्टमध्ये शेअर्ड मेलबॉक्स 50 जीबीपर्यंत लायसन्सशिवाय चालतो. बिलं तपासताना मला सगळ्यात जास्त वाया गेलेले पैसे इथेच सापडतात: माणूस नसलेल्या पत्त्यांची लायसन्सं वर्षानुवर्षं चालू असतात.

8. महिन्याने घ्यावं की वर्षाचं? आमचं युनिफॉर्मचं काम आहे, शाळा सुरू होण्याआधीचे चार महिनेच गर्दी असते.

वर्षाच्या करारात दर कमी असतो, पण आयडी वाढवता येतात आणि मुदत संपेपर्यंत कमी करता येत नाहीत. मायक्रोसॉफ्टमध्ये वर्षाचा करार रद्द करायला पहिले सात दिवसच मिळतात. महिन्याचा करार साधारण 20 टक्के महाग पडतो, पण हवा तेव्हा सोडता येतो.

तुमच्यासारख्यांनी कायमच्या माणसांचे आयडी वर्षाच्या करारावर घ्यावेत. सीझनच्या माणसांसाठी मायक्रोसॉफ्टमध्ये महिन्याचा वेगळा करार जोडता येतो, तेवढेच चार महिने त्यांचे पैसे भरा. गुगलचा फ्लेक्सिबल प्लॅन घेतला तर मात्र सगळेच आयडी महिन्यावर राहतात, तेव्हा दोन्हींचा वर्षाचा हिशोब समोरासमोर मांडून बघा. जुलैत रिटर्न भरायच्या दिवसांत आर्टिकलशिपची (सीए होण्यासाठी उमेदवारी करणारी) मुलं वाढतात अशा सीए ऑफिसांनाही हेच लागू.

9. माणूस सोडून गेला. त्याचा आयडी त्याच दिवशी काढून टाकू का?

त्याच दिवशी बंद करा, काढून टाकू नका. आधी पासवर्ड बदला आणि सगळ्या उपकरणांवरून साइन-आउट करा. मग त्याच्या ड्राइव्हच्या फाइली दुसऱ्याच्या नावावर करा, मेलची प्रत घ्या, आणि मगच आयडी काढा. गुगलमध्ये काढलेला आयडी 20 दिवसांच्या आत परत आणता येतो, नंतर नाही. काढल्यावर तोच पत्ता दुसऱ्या माणसाला टोपणपत्ता म्हणून द्या, म्हणजे जुन्या गिऱ्हाइकांचे मेल वाया जाणार नाहीत.

नुसतं सस्पेंड करून ठेवलं तर गुगलचं बिल चालूच राहतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मायक्रोसॉफ्टमध्ये उलटी चूक होते. लोक पैसे वाचवायला लायसन्स काढतात आणि वनड्राइव्ह विसरतात. जानेवारी 2025 पासून लायसन्स नसलेलं वनड्राइव्ह 93 दिवसांनी आर्काइव्हमध्ये, म्हणजे बंद साठ्यात जातं. युजरच काढून टाकला तर त्याचं वनड्राइव्ह मुळात 30 दिवसच ठेवलं जातं. मेलबॉक्स मात्र शेअर्ड करून फुकट ठेवता येतो (प्रश्न 7).

10. आमचा फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ आहे. माणसं तीन, डेटा 9 टीबी. काय करू?

तुमच्यासाठी माणशी दर चुकीचा आहे. तीन जणांचे स्टँडर्ड आयडी घेतले तरी 6 टीबीच होतात, आणि जागेसाठी चौथा-पाचवा खोटा माणूस विकत घेणं बरोबर नाही.

लग्नाचं शूटिंग दिल्यावर सहा महिन्यांनी ते क्वचितच उघडलं जातं. असा माल जीबीच्या दराने ठेवावा. ॲमेझॉनच्या मुंबईच्या केंद्रात एस-3 या साठवणुकीच्या सेवेच्या साध्या वर्गात एका जीबीला महिन्याला साधारण 2.5 सेंट पडतात, म्हणजे टीबीला सुमारे 25 डॉलर. पण तिथून डेटा बाहेर काढायला जीबीला सुमारे 11 सेंट लागतात, आणि 9 टीबी परत मागवायची वेळ आली की तो आकडा डोळे पांढरे करतो. बॅकब्लेझ या दुसऱ्या साठवणुकीच्या कंपनीने ऑक्टोबर 2023 पासून टीबीला महिन्याला 6 डॉलर दर ठेवला, त्यात साठवलेल्याच्या तिप्पट डेटा काढणं फुकट. डेटा मात्र परदेशात राहतो.

आणि वेळ धरा. 100 एमबीपीएसचा अपलोड अखंड मिळाला तरी 9 टीबी चढायला आठ दिवस आणि आठ तास लागतात. म्हणून स्टुडिओला मी असं सुचवतो: ऑफिसात दोन डिस्कचा नॅस (नेटवर्कला जोडलेला साठवणुकीचा डबा), त्याला यूपीएस, चालू कामाची एक प्रत क्लाउडवर, आणि पूर्ण झालेल्या कामाची एक डिस्क घरी. बिलं, कोटेशन आणि मेलसाठी मात्र दोन आयडी माणशी दराने घ्या.

11. अमर्याद जागेचा प्लॅन आहे असं एक जण सांगत होता.

गुगलने 2020 मध्ये जी-सूट हे जुनं नाव बदलून वर्कस्पेस केलं तेव्हा बिझनेस प्लॅनमधली अमर्याद जागा गेली. ड्रॉपबॉक्सने ऑगस्ट 2023 मध्ये आपल्या ॲडव्हान्स्ड प्लॅनची काढली. कुणी आयुष्यभराची अमर्याद जागा किरकोळ पैशात विकत असेल तर घेऊ नका. बहुधा ते दुसऱ्याच कुणाच्या खात्यातलं फोल्डर असतं.

12. टॅलीचा डेटा फोल्डर ड्राइव्हच्या सिंकमध्ये ठेवला तर सगळीकडून वापरता येईल ना?

कृपा करून तसं करू नका. टॅली चालू असताना सिंक (कॉम्प्युटर आणि क्लाउडवरच्या फाइली आपोआप सारख्या ठेवणारी सोय) त्या फाइली उचलतं, दोन कॉम्प्युटरवर दोन आवृत्त्या तयार होतात आणि डेटा बिघडतो. टॅली आहे तिथेच चालू द्या. संध्याकाळी टॅलीचा बॅकअप घ्या आणि ती बॅकअपची फाइल ड्राइव्हमध्ये जाऊ द्या. यासाठी वेगळा आयडी लागत नाही.

13. सीए, एजंट आणि जॉबवर्कवाल्यांना आयडी द्यावा लागतो का?

नाही. त्यांच्या स्वतःच्या मेलवर तेवढंच फोल्डर शेअर करा, लिंकला मुदत घालता येत असेल तर घाला. फक्त बघायचं असेल तर फक्त बघण्याचा अधिकार द्या. त्यांना फाइली बनवू द्यायच्या असतील तर कंपनीच्या मालकीच्या सामायिक ड्राइव्हमध्ये बनवू द्या, नाहीतर प्रश्न 4 मधलीच गोष्ट होईल. वर्षातून एकदा, दिवाळीची साफसफाई करताना, कुणाकुणाला काय शेअर आहे ती यादी उघडून बघा.

14. जीएसटीचं काय?

18 टक्के लागतो. बिलावर तुमचा जीएसटी नंबर असेल तरच क्रेडिट मिळतं, म्हणून खातं उघडतानाच नंबर टाका. कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्यांच्या ठरावीक दराच्या जीएसटी योजनेत) असाल तर क्रेडिट नाही, म्हणून प्रश्न 5 मधले पूर्ण 35,400 धरा. परदेशी कंपनीकडून थेट घेतलंत तर रिव्हर्स चार्जने कर तुम्हालाच भरावा लागतो. हे कार्डाच्या स्टेटमेंटवर दिसत नाही, त्यामुळे सीएंना आवर्जून सांगा.

15. डेटा भारतातच हवा अशी सक्ती आहे का? आणि किती वर्षं ठेवायचा?

तुमची फर्म प्रायव्हेट लिमिटेड असेल तर हिशोबाच्या पुस्तकांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर हवा, आणि ऑगस्ट 2022 च्या दुरुस्तीनंतर तो रोजचा हवा. पुस्तकं आठ वर्षं जपायची. हा कंपनी कायद्याचा नियम आहे, प्रोप्रायटरी आणि भागीदारी फर्मना तो लागू नाही. जीएसटीच्या नोंदी मात्र नोंदणी असलेल्या सगळ्यांनीच त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून 72 महिने ठेवायच्या. म्हणून माणूस गेल्यावर त्याचा आयडी रिकामा करताना अकाउंट्सच्या माणसाचा आयडी सगळ्यात जपून हाताळा.

16. पैसे भरून क्लाउडवर ठेवलं म्हणजे बॅकअप झाला ना?

नाही. सिंक म्हणजे आरसा. इकडे फाइल उडाली की तिकडेही उडते, आणि व्हायरसने इथल्या फाइली कुलूपबंद केल्या तर तशाच वर चढतात. जुनी आवृत्ती काही दिवस परत मिळते, पण तेवढ्यावर विसंबू नका. महिन्यातून एकदा हार्ड डिस्कवर प्रत घ्या आणि डिस्क कॉम्प्युटरपासून काढून कपाटात ठेवा.

17. आम्ही तिघं भाऊ. फर्म तीन, ऑफिस एक, अकाउंटंटही एकच. तीन वेगळी खाती घ्यावीत का?

पैशाच्या बाजूने बघितलं तर एकच घ्या. एका खात्यात तिन्ही फर्मची डोमेन जोडता येतात, त्याचे वेगळे पैसे नाहीत, आणि अकाउंटंटचं एकच लायसन्स पुरतं. तीन खाती घेतली तर त्याच माणसाचे तीनदा पैसे जातात.

पण वाटणीचा विचार आज करा, सगळं गोडीत आहे तोवर. खातं एक असलं की ॲडमिन एका भावाकडे असतो आणि त्याला तिघांचं सगळं दिसतं. पुढे वेगळं व्हायचं ठरलं तर एका डोमेनचे मेल आणि फाइली काढून दुसऱ्या खात्यात नेणं हे आठवड्यांचं काम आहे, आणि ते एकाच्या मर्जीवर अवलंबून राहतं. दोन घरांत मी हे जवळून बघितलं आहे. जमीन आणि माग यांची वाटणी कागदावर झाली होती, मेलची कुणालाच आठवण नव्हती.

म्हणून एकच खातं घेणार असाल तर चार गोष्टी पहिल्याच दिवशी करा. ॲडमिन दोघांना द्या. प्रत्येक फर्मची सामायिक ड्राइव्ह वेगळी ठेवा, एका फोल्डरमध्ये तिन्हींचा माल नको. प्रत्येक डोमेनची नोंदणी त्या-त्या फर्मच्या नावावर करा. आणि तिन्ही फर्ममध्ये लायसन्सचा खर्च कसा वाटायचा ते अकाउंटंटला लिहून द्या, कारण बिल एकाच फर्मच्या जीएसटी नंबरवर येणार आणि क्रेडिटही तिलाच मिळणार. ज्या भावाचा धंदा आत्ताच वेगळ्या मालाचा, वेगळ्या गिऱ्हाइकांचा आहे त्याने सुरुवातीपासून वेगळं खातं घेतलेलं बरं. अकाउंटंटच्या एका जादा लायसन्सचे पैसे त्याने खुशाल भरावेत.